वळणदार अक्षरांचा टाइप : प्रस्तावना

लग्नपत्रिकेच्या माथ्यावर छापलेला ‘शुभविवाह’ हा शब्द डोळ्यांजवळ धरून पाहिला, तर त्यात दोन ‘व’ शेजारी-शेजारी आलेले दिसतात. पहिल्याच्या डोक्यावरून ऱ्हस्व वेलांटीची कमान गेली आहे, दुसऱ्याला लागून काना उभा आहे. हाताने लिहिणारा हे दोन ‘व’ सहसा सारखे काढत नाही. पहिल्याचे पोट तो कमानीखाली जरा आवळून घेतो, दुसऱ्याचे थोडे मोकळे सोडतो, आणि काना ओढताना हाताला आलेला वेग पुढच्या ‘ह’च्या शेपटात जिरवतो. टाइपात दोन्ही ठिकाणी तोच ‘व’ बसतो. पत्रिका साध्या पुस्तकी टाइपात असेल तर यात काहीच खटकत नाही. पण हाताने लिहिल्याचा भास देणाऱ्या डौलदार टाइपात हेच साम्य चटकन उघडे पडते.

हस्ताक्षरी टाइपाचा सगळा अभ्यास या पेचाभोवती फिरतो. हाताचे अक्षर लिहिण्याच्या क्षणी ठरते. शेजारी कोण आहे, ओळीत जागा किती उरली आहे, टाकात शाई किती आहे, हे पाहून ते बदलते. टाइपाचे अक्षर आधीच घडवून ठेवलेले असते आणि त्याच्या शेजारी पुढे कोण येऊन बसणार, हे घडवणाऱ्याला माहीत नसते. गेल्या पाचशे वर्षांत धातूमध्ये, फिल्मवर आणि संगणकात या पेचाची जी उत्तरे शोधली गेली, त्यांचा इतिहास रंजक आहे आणि मराठीत त्यावर फार थोडे लिहिले गेले आहे. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला मी सुरुवातीलाच एक गोष्ट सुचवतो. अशा टाइपातले एकेक अक्षर सुटे पाहत बसू नये, दोन अक्षरांमधला सांधा पाहावा. टाइप कसाला लागतो तो तिथे.

पुढे जाण्यापूर्वी तीन कामे वेगळी ओळखून घेतली पाहिजेत, कारण बोलताना आपण ती सर्रास एकत्र करतो. सुलेखन म्हणजे प्रत्यक्ष लिहिणे. हात फिरला की अक्षर झाले. अक्षरांकन म्हणजे एखादे ठरावीक नाव रेखाटून, दुरुस्त करून, हव्या त्या घाटात बसवणे. कमल शेडगे यांनी नाटकांची, चित्रपटांची आणि मासिकांची जी असंख्य शीर्षके घडवली, ते अक्षरांकन. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत त्यांची अक्षरे पाहत महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, आणि नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातूनच प्रेक्षकाला कळायचा. शेडग्यांना त्या नावापुरतीच अक्षरे काढायची होती. ‘ट’ला ‘ळ’चा शेजार तिथे नसेल, तर त्या जोडीचा विचार करण्याची गरज नव्हती. टाइप करणाऱ्याला मात्र भाषेतल्या झाडून सगळ्या शब्दांची तयारी ठेवावी लागते, अजून कोणी न लिहिलेल्या शब्दांचीसुद्धा. म्हणून उत्तम सुलेखनकार आपोआप उत्तम टाइपकार होत नाही. हे सांगताना दोघांपैकी कोणाचाच मान कमी करण्याचा हेतू नाही.

युरोपात ही धडपड फार लवकर सुरू झाली. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफ्फोने १५०१ मध्ये तिरक्या अक्षरांचा टाइप घडवला. त्यामागे इटलीतल्या दफ्तरी लेखनाचे वळण होते. त्यात जोडून ओतलेली कितीतरी अक्षरे होती आणि मोठी अक्षरे मात्र सरळ उभीच होती. पुढे १५५७ मध्ये रोबेर ग्रांजों याने फ्रान्समधल्या रोजच्या लेखनावर बेतलेला टाइप ल्यों शहरात आणला. मुलांना शिष्टाचार शिकवणाऱ्या पुस्तकांसाठी तो वापरला गेला आणि त्याच पुस्तकांवरून त्याला ‘सिव्हिलिते’ हे नाव पडले. लिहायला शिकणाऱ्या मुलाच्या हाती छापील पुस्तकही हाताच्या वळणाचेच द्यावे, ही कल्पना आजही कोणाला पटेल.

आज ‘डौलदार इंग्रजी अक्षर’ म्हटल्यावर जे रूप डोळ्यांपुढे येते, ते मात्र अठराव्या शतकातल्या लंडनचे आहे. लवचीक टोकाच्या पिसाने लिहिलेले हे गोल वळण. हात खाली येताना दाब द्यायचा म्हणजे रेघ जाड होते, वर जाताना सोडायचा म्हणजे ती केसासारखी बारीक होते. हे लेखन तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत असत. जॉर्ज बिकहॅमने १७३३ ते १७४१ या काळात हप्त्याहप्त्याने काढलेला ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा त्या काळच्या पंचवीस लेखनगुरूंच्या कित्त्यांचा कोरीव संग्रह आहे आणि अशा वळणाचे टाइप करणारे आजही त्याच्याकडे वळतात. त्याच परंपरेतल्या चार्ल्स स्नेल या लेखनगुरूने अक्षरांच्या मापांचे ठाम नियम मांडले. अक्षर असे नियमात बांधावे की हाताला मोकळीक असावी, यावरून त्याचे जॉन क्लार्कशी जाहीर वाद झाले. टाइपाच्या दृष्टीने मला हा वाद फार महत्त्वाचा वाटतो, कारण जे अक्षर नियमात बसते तेच पुढे साच्यात बसू शकते. स्नेलला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते, पण अडीचशे वर्षांनी त्याचे नियम उपयोगी पडले.

तांब्याच्या पत्र्यावर पान अखंड कोरता येते. धातूच्या टाइपात ते खिळ्याखिळ्याने जुळवावे लागते. खिळा चौकोनी असतो. तिरक्या अक्षराचे डोके किंवा शेपूट त्या चौकोनाबाहेर डोकावू लागले की त्या भागाला खालून आधार राहत नाही आणि छापताना दाब पडला की तो तुटतो. बाहेर न काढावे, तर दोन अक्षरांमध्ये फट दिसते आणि जोडून लिहिल्याचा भास संपतो. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिसच्या फिर्मँ दिदोने यावर एक धाडसी उपाय केला: त्याने खिळाच तिरका ओतला आणि अक्षरांचे तुकडे पाडले. जुळारी ते तुकडे एकमेकांत अडकवून शब्द उभा करायचा. काम देखणे व्हायचे, पण जुळाऱ्याच्या संयमाची परीक्षा होती.

धातूच्या काळातला मला सर्वांत आवडणारा टाइप त्यानंतर दीडशे वर्षांनी आला. सावरकरांच्या उडीमुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या मार्सेलिसमध्ये ‘फोंदरी ऑलिव्ह’ नावाची टाइप फाउंड्री होती. तिच्यासाठी रॉजे एक्सकोफों याने १९५३ मध्ये ‘मिस्त्राल’ काढला, तो स्वतःच्या हस्ताक्षरावर बेतून. वरवर पाहता तो घाईत खरडलेला वाटतो. अक्षरे ओळीवर एकसारखी बसत नाहीत, काही जरा वर उचललेली, काही खाली घसरलेली. पण एका अक्षराची शेवटची रेघ जिथे खिळ्याची कड गाठते, नेमक्या त्याच उंचीवर पुढच्या अक्षराची पहिली रेघ सुरू होते. सांधा काटेकोर आणि बाकी सगळे मोकळे, अशी ती वाटणी आहे. त्यामुळे डोळ्याला वैविध्य मिळते आणि जोड कुठे उकलत नाही. कॅफेच्या पाटीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत हा टाइप जगभर इतका वापरला गेला की त्याच्यामागची अक्कल दिसेनाशी झाली आहे. शिकणाऱ्याने त्याचा एक शब्द मोठा करून सांध्यांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. एका दुपारचे हे काम बरेच शिकवते.

फिल्मवर अक्षरे जुळू लागली तेव्हा खिळ्याचा चौकोनच नाहीसा झाला. मॅथ्यू कार्टर या इंग्रज टाइपकाराने तरुणपणी हार्लेम येथे एन्शेडे यांच्या फाउंड्रीत हाताने पंच कापण्याचे शिक्षण घेतले होते. धातू काय करू देत नाही, हे त्याच्या बोटांना माहीत होते. लायनोटाइप या कंपनीत आल्यावर १९६६ मध्ये त्याने चार्ल्स स्नेलच्या कित्त्यावरून ‘स्नेल राउंडहँड’ केला. अक्षरे एकमेकांवर हक्काने रेलू लागली, बारीक रेघ तुटण्याची भीती उरली नाही. नियमांसाठी भांडलेल्या लेखनगुरूचे वळण यंत्राला मानवले, हे मला न्याय्य वाटते.

हर्मान झाफ यांची गोष्ट याहून लांबलचक आहे. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात नकाशे काढत होते आणि १९४४ मध्ये आपल्या वहीत त्यांनी मोकळ्या हाताने एक वर्णमाला लिहून ठेवली. युद्धानंतर तसे काही टाइपात आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण धातूत ते लांब फराटे मावेनात. नव्वदच्या दशकात डेव्हिड सीगल हा तरुण त्यांच्याकडे आला. एकाच अक्षराची अनेक रूपे ठेवायची आणि लिहिताना संगणकाने त्यांतून निवड करायची, अशी त्याची कल्पना होती. सीगलने प्रकल्प अर्ध्यावर सोडला. झाफ यांनी तो लायनोटाइपकडे नेला आणि १९९८ मध्ये ‘झाफिनो’ प्रसिद्ध झाला, वर्णमालेच्या चार वेगवेगळ्या रूपांसह. वहीतल्या पानापासून तिथवर अर्धशतकाहून अधिक काळ गेला होता. पुढे अकिरा कोबायाशी यांच्यासोबत त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. तोपर्यंत ओपनटाइप हे तंत्र रुळले होते. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९६ मध्ये जाहीर केलेल्या या तंत्रात फॉन्टच्या पोटातच नियम लिहिता येतात: अमुक अक्षरापुढे तमुक आले तर हे रूप काढ, शब्दाच्या शेवटी असेल तर लांब शेपटाचे घे. शेजार ओळखण्याचे हाताचे शहाणपण असे टाइपाच्या अंगी आले.

शेजारच्या उर्दूचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो आणि प्रत्येक अक्षर शेजाराप्रमाणे रूप पालटते. टाइपाला ती दाद देईना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे विसाव्या शतकात खूप उशिरापर्यंत कातिबांच्या हाताने लिहून छापली जात. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइपच्या मदतीने १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालीक’ आणला तेव्हा त्यांनी सुट्या अक्षरांचा नाद सोडला आणि हजारो जोडरूपे आधीच लिहून ठेवली. कष्टाचा मार्ग होता, पण लिपीचा झोक जराही बिघडला नाही. लिपीला यंत्राप्रमाणे वाकवण्याऐवजी यंत्राकडून लिपीची मर्जी सांभाळून घेण्याचे इतके ठसठशीत दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

मराठीकडे वळताना आधी शिळाछापाची आठवण काढली पाहिजे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पहिले मराठी पंचांग छापले ते शिळेवर. लेखकाच्या हाताचे वळण त्यात जसेच्या तसे कागदावर उतरते, खिळ्याची मध्यस्थी लागत नाही. पुढे निर्णयसागर छापखान्याच्या सुबक खिळ्यांनी मराठी वाचकाच्या डोळ्यांना स्थिर, उभे, नेटके अक्षर इतके सवयीचे केले की हाताचे वळण हळूहळू पत्रांपुरते, वह्यांपुरते आणि पाट्यांपुरते उरले. मोडीचेही खिळे पाडले गेले होते. विल्यम कॅरीच्या मराठी कोशात, म्हणजे १८१० मध्ये श्रीरामपूरला छापलेल्या कोशात, मराठी शब्द मोडीत आहेत. बंगालमधल्या त्या छापखान्यात मोडीचे खिळे उभे राहिले हे कौतुकाचेच, पण ते सुटे-सुटे दिसतात. मोडीची धाव त्यांत नाही.

ती धाव म्हणजे काय, हे एखादा पेशवेकालीन कागद समोर ठेवला की कळते. लेखक आधी कागदभर शिरोरेषा आखून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. एक अक्षर संपते तिथून वर वळून हात पुढचे अक्षर धरतो. ‘र’ शेजार पाहून रूप बदलतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक ठिकाणी सोडून दिलेला असतो, कारण त्याने हात अडतो. काही व्यंजने कान्याशी अशी गुंफली जातात की काना वेगळा दाखवता येत नाही. जी रूपबदलाची सोय ‘झाफिनो’साठी संगणकात बसवावी लागली, ती मोडीच्या दफ्तरदारांच्या हातात सवयीनेच होती. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. त्यामुळे मोडी अक्षरे साठवण्याची आणि शोधण्याची सोय झाली. त्यांची लफ्फेदार गती टाइपात आणणे हे कलावंताचे काम आहे आणि तिथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

इथे माझे मत मी स्पष्ट मांडतो. देवनागरीत डौलदार टाइप करायचा म्हणून इंग्रजी गोल वळणाची नक्कल करण्याची एक सवय आपल्याकडे पडली आहे. उभे दंड जाड करायचे, शिरोरेषा केसासारखी बारीक ओढायची, शेवटी एक गिरकी द्यायची, की पत्रिका ‘क्लासिक’ झाली. त्यात देवनागरीचा हात दिसत नाही. इंग्रजी वळणात जाडी येते ती लवचीक टोकावरच्या दाबाने. देवनागरीत ती येते तिरप्या कापलेल्या बोरूच्या कोनाने, आणि त्या कापामुळे जाड-बारीक रेघांची तिरपी दिशाही रोमन अक्षरांच्या उलट पडते. इंग्रजी अक्षरांचा सांधा तळाला, ओळीच्या पायाशी असतो. आपला माथ्याला, शिरोरेषेवर असतो. शिरोरेषा इतकी बारीक केली की नेमका सांधाच दुबळा होतो, आणि अक्षरे एकमेकांना धरून आहेत असे वाटेनासे होते. ज्याला मराठीचा डौलदार टाइप करायचा आहे, त्याने बिकहॅमचा संग्रह जरूर अभ्यासावा. पण हात बसवायचा तो बोरूवर आणि मोडीच्या कागदांवर.

या वाटेने गेलेली माणसे आपल्याकडे आहेत. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या संगमातून ‘मुक्तलिपी’ घडवली. र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि टाइपकार एकाच देहात होते. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी विद्यार्थ्यांना लिपीकडे पाहायला शिकवले आणि संगणकावर लाखो लोकांनी वापरलेला ‘मंगल’ही त्यांचाच. ल. श्री. वाकणकर आणि मुकुंद गोखले यांनी पुण्यात मुद्राक्षरांच्या संशोधनाचा पाया घातला. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा त्रिखंडी इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये निघाला. या विषयाच्या कोणत्याही गंभीर वाचकाने तो ग्रंथालयातून मिळवून वाचावा.

अलीकडच्या कामांत इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ मी आवर्जून दाखवतो. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी केलेला हा टाइप बॉलपेनाने भरभर लिहिलेल्या अक्षराचा आहे. त्याच्या प्रत्येक फॉन्टमध्ये हजाराहून अधिक आकृत्या आहेत. इंग्रजी पत्रिकेचा टाइप बावन्न अक्षरे आणि थोड्या जोडरूपांवर बाजारात येऊ शकतो. देवनागरीत जोडाक्षरे, रफार, उकार, अनुस्वार यांच्यामुळे काम कित्येक पटींनी वाढते. एकट्या ऱ्हस्व वेलांटीचेच पाहा. ती व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिची कमान पुढच्या अक्षराच्या दंडापर्यंत पोचली पाहिजे. ‘रि’ला आखूड कमान पुरते, ‘णि’ला रुंद लागते, ‘ष्टि’वर तर ती आणखी ताणावी लागते. एकच कमान सगळीकडे लावली तर कुठे ती अधांतरी राहते, कुठे पुढच्या अक्षरावर चढते. म्हणून जाणकार टाइपकार वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या काढून ठेवतो आणि कोणती कुठे बसवायची याचे नियम फॉन्टमध्ये लिहितो. अक्षर तिरके असेल तर दंडाचा माथा सरकतो, मग कमानीचे टोकही त्याच हिशोबाने सरकवावे लागते. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि तसे ते भरूही नये.

वापरणाऱ्यांसाठी थोडेसे. हा टाइप मिरवण्याचा आहे: पत्रिकेचे शीर्षक, पुस्तकाचे मुखपृष्ठ, मिठाईचा खोका, मानपत्रावरचे नाव. दोन-चार शब्दांत तो खुलतो. त्यात सबंध परिच्छेद जुळवला की वाचणारा दमतो. इंग्रजी हस्ताक्षरी टाइपात सगळा शब्द मोठ्या अक्षरांत कधी जुळवू नये, कारण ती अक्षरे एकमेकांना जोडण्यासाठी काढलेलीच नसतात. आणि देवनागरीत अक्षरांमधले अंतर वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि अक्षरांचा हात सुटतो.

अभ्यासाची सुरुवात कशाने करावी, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना मी चाचणीचे काही शब्द देतो: ‘शुभविवाह’, ‘ममता’, ‘दृष्टी’, ‘कर्तृत्व’, ‘तुळशीवृंदावन’, ‘श्रीकृष्ण’. समोर येईल त्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये ते मोठ्या आकारात जुळवावेत आणि छापून घ्यावेत, कारण पडद्यावर बरेच दोष लपतात. ‘ममता’तले दोन ‘म’ तपासावेत. ‘कर्तृत्व’मधला रफार आणि ऋकार एकाच ‘त’वर येतात, ते वरून-खालून त्याला नीट धरतात का, हे पाहावे. मग तेच शब्द टाकाने किंवा कापलेल्या बोरूने स्वतः दहा-दहा वेळा लिहावेत, आणि आपल्या हाताने ‘म’ची किती वेगळी रूपे काढली ती कागदाच्या कडेला मांडावीत. त्यांतली कोणती दोन-तीन टाइपात घ्यावीत आणि कोणत्या शेजारी कोणते रूप बसवावे, हे तिथे ठरवता येते.